मीठ मागणारी पाहुणी

डहाणूच्या किनाऱ्यावर आमच्या पाड्याजवळ आरओ प्लांट आहे, तिथे मी कामाला आहे. घरातला मी पहिला पदवीधर, आणि नोकरी गावातच मिळाली याचं समाधान वाटतं. बोंबील विकून परतणारी एक मावशी तिथे रोज पिण्यापुरतं पाणी भरायला येते. कळशी लावण्याआधी ओंजळभर पिऊन बघते, मान डोलावते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा पाण्यातला खार अडवणारं मेम्ब्रेन बिघडलं. मावशी घाबरली. "दादा, रविवारी तलासरीहून लेकीची सासू पहिल्यांदाच जेवायला येते. तिला विहिरीचं खारं पाणी कसं देऊ?"

शनिवारी नवं मेम्ब्रेन बसलं. मावशी या वेळी स्वयंपाकासाठीही म्हणून दोन कळश्या भरून घेऊन गेली.

सोमवारी हसतच आली. "फजिती केलीस रे माझी! जन्मभर विहिरीच्या पाण्यात शिजवलं, हाताला चिमूटभरच मिठाची सवय. सगळी डाळ अळणी!"

"विहीणबाई रागावल्या?"

"छे! मीठ मागून घेतलं आणि पोटभर जेवली." मावशीनं नळाखाली ओंजळ धरली. "आमच्या घरी मीठ मागणारी ती पहिलीच पाहुणी."