मुंग्या लागलेलं पिंप

ती घटना अजूनही मनातून जात नाही. सत्तरच्या दशकाचा शेवट होता, मी तेव्हा फौजदार होतो. नंदनवनकडच्या भागात पाण्याच्या टाकीचं बांधकाम चालू होतं. स्लॅबचे टेकू काढताच तो कोसळला आणि खाली काम करणारी भिवापूरकडची एक मजूर बाई जागीच गेली.

टेकू काढायची परवानगी दिलेला इंजिनिअर स्वतःहून ठाण्यात आला. पन्नाशीचा विधुर, धरमपेठेत एका खोलीत एकटा राहायचा. काँक्रीटला पाणी कमी लागावं म्हणून त्यात एक तपकिरी द्रावण घालत. मजूर त्याला औषध म्हणत. त्या द्रावणाची चाचणी इंजिनिअरनंच घेतली होती आणि ते घालून पाडलेले काँक्रीटचे ठोकळे मजबूत निघाले होते. जबाबात तो एवढंच सांगायचा की परवानगी माझी, चूकही माझीच असणार. कोठडीत असताना त्याला भेटायला कोणी आलं नाही. वरून मात्र आरोपपत्राची घाई चालली होती.

अशात मृत बाईसोबत काम करणारी तिची जोडीदारीण ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत यायला घाबरत होती. मीच बाहेर गेलो.

"साहेब, त्या औषधाच्या पिंपाले मुंग्या लागत होत्या. औषधाले मुंग्या काहून लागतील?"

मी पंच घेऊन साइटवर गेलो. पिंपाच्या तोंडाशी खरंच मुंग्यांची रांग होती. पंचनामा करून नमुने सीलबंद केले. मग इंजिनिअरला तिथं आणून पंचांसमोर काँक्रीट कालवून दोन घाणे करायला लावले. एकात चाचणीच्या वेळी राखून ठेवलेलं द्रावण, दुसऱ्यात पिंपातलं. दुसऱ्या दिवशी पहिला घाणा दगडासारखा झाला होता. दुसऱ्यात माझा अंगठा सहज रुतला. इंजिनिअर हळूच म्हणाला, "यात साखर आहे. साखरेनं काँक्रीट आळत नाही."

पिंपांची किल्ली स्टोअरकीपरकडे असायची. आधी तो सगळं नाकबूल करत राहिला. तो कच्चा गोळा टेबलावर ठेवल्यावर त्याची नजर खाली गेली. खरं द्रावण तो बाहेर विकायचा.

"गुळाचं पाणी भरून राहिलो होतो, साहेब. रंग सारखाच दिसते. मले वाटलं, त्यानं काय होते?"

त्याला शिक्षा झाली. इंजिनिअर सुटला, पण नोकरीवर परत गेला नाही. निकाल सांगायला मी त्याच्या खोलीवर गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, त्या बाईच्या घरी कोण असतं ते विचारलं. मी उठलो तेव्हा म्हणाला, "चहा घेऊन जा. बऱ्याच दिवसांत इथं कोणी बसलेलं नाही."

मी पुन्हा बसलो. माणूस निर्दोष आहे हे आम्ही सिद्ध करू शकतो, पण त्याच्या दारातून माघारी गेलेली माणसं परत आणू शकत नाही. त्यानंतर अशी केस संपली की मी सुटलेल्या माणसाच्या घरी एकदा तरी जायचो, साध्या कपड्यांत, काहीही काम नसताना.