रिंगखालची मानाची जागा

सांगलीतला तो अंतिम सामना आम्ही माझ्या गुडघ्यांमुळे हरलो. गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं. ते फक्त उघडे होते!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवायला कोणी मिळेना, म्हणून माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, आपणहून पुढं झाले. आबांचं डावपेचाचं शास्त्र एका ओळीचं: "लांबनं गोळी वाया घालवायची न्हाई. पार रिंगखाली घुसायचं, मगच मारायचं!" (तेव्हा लांबून टाका नाहीतर जवळून, गुण दोनच. म्हणजे शास्त्र बरोबर होतं. मुलगी चुकीची निघाली.)

सामन्याआधी आबांनी मला बाजूला घेतलं. "कप आणलास तर खुशाल बी.ए. पुरी कर. हरलीस तर तासगावचं स्थळ हाय. पावणी सामन्यालाच येत्यात, बघण्याचा कार्यक्रम हितंच उरकू."

मी पिसाटासारखी खेळले. मध्यंतराला आम्ही दहा गुणांनी पुढं! मला तर पदवीदानाचा झगासुद्धा दिसायला लागला.

मग बाजू बदलल्या. आता ज्या रिंगमध्ये आम्ही बॉल टाकायचा, तिच्या बरोब्बर मागं चार खुर्च्या, आणि खुर्च्यांवर मध्यंतरातच येऊन बसलेली तासगावची मंडळी! मधोमध मुलाची आई, डोक्यावर पदर, डोळ्यांवर चष्मा.

"आबा, ह्यांना हितं कुणी बसवलं?"

"मी! पावण्यांस्नी काय मागं बसवू? मानाची जागा हाय ती."

"आवं, पण मी हाफपँटीत हाय!"

"मग? पलटण काय नऊवारी नेसून लढती?"

पण नाहीच झालं माझ्याच्यानं. रिंग वीस फुटांवर आली की पाय आपोआप थांबायचे, आणि तिथूनच मी बॉल भिरकावायची. एक फळीवर. एक फळीवरून पार. एक तर थेट पंचांच्या पाठीत!

"अगं भवाने, बॉल माझ्याकडं दे!" आमची उंच हौसा ओरडली. "मला कोन बघाय आलंय?" मी दिला की ती सरळ पाहुण्यांच्या पुढ्यात घुसायची आणि टाकून यायची. पण मी कॅप्टन! दर वेळी कशी देईन?

शेवटचे काही सेकंद. एक गुण मागं. बॉल माझ्या हातात, रस्ता मोकळा, मध्ये चिटपाखरू नाही!

"घूस! आत घूस!" आबा बेंबीच्या देठापासून ओरडले.

मी धावले. बाईंनी चष्मा सारखा केला. मी थांबले. लांबूनच डोळे मिटून मारला.

डोळे उघडले तर बॉल बाईंच्या मांडीवर! शिट्टी वाजली. सांगलीच्या मुली नाचायला लागल्या, आणि आबा तोंड उघडं टाकून उभे. युद्ध बघून आलेला माणूस, पण इतका हादरलेला मी कधी पाहिला नव्हता.

संपलं माझं कॉलेज! मी टॉवेल कमरेला गुंडाळून, मान खाली घालून पाहुण्यांपुढं गेले. बाईंनी बॉल माझ्या हातात दिला आणि आबांना म्हणाल्या, "सुभेदार, राग नका मानू. तुमची लेक लय बुजरी हाय. आमच्या द्राक्षबागंत पन्नास गडी राबत्यात, ही त्यांच्याम्होरं कशी उभी ऱ्हाणार? त्या उंच पोरीचं गाव कुठलं वो?"

आबांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "शीक बाई आता," ते म्हणाले. "दुसरं करणार तरी काय!"

म्हणजे जे हवं होतं ते मिळालं! आणि मी? साताऱ्यापर्यंत एस.टी.त हमसून हमसून रडले. लग्न मला करायचं नव्हतंच हो. पण नकार मी देणार होते ना!