लोणच्याच्या बरणीतील पिवळे पाणी

फिर्यादी : सौंसर तालुक्यात रामाकोन्याच्या वाटेवरील एका खेड्यात राहणाऱ्या एक विधवा सासूबाई, धंदा शेती.
गैरअर्जदार : त्यांची सून, माहेर तिगाव.
साक्षीदार : एक पानठेलेवाला, पांढुर्ण्याचे रसायनशास्त्राचे एक शिक्षक, सौंसरचे एक सराफ, आणि गावच्या हातपंपावर त्या सकाळी पाणी भरणाऱ्या सर्व बाया.
गेलेला माल : सोन्याचे डोरले, म्हणजे आमच्या भागात मंगळसूत्रात ओवतात तो दागिना.
दिनांक : ठाण्याच्या रोजनामच्यात नमूद. कापसाची वेचणी चालू होती, एवढे मला स्मरते.

नावे जाणूनबुजून दिलेली नाहीत. प्रकरण निकाली निघून काळ लोटला, तरी ती घटना आजही माझा पिच्छा सोडत नाही. मी त्या वेळी सौंसर ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होतो. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्याचे काम पत्करले. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. परंतु माझा पंचनामा कोणत्याही न्यायालयाने त्रुटी दाखवून परत केला नाही, आणि माझ्या हातचा अर्ज साहेब लोक उभ्याने वाचत नाहीत, खुर्चीवर बसून वाचतात.

सासूबाई ठाण्यात आल्या त्या संतापलेल्या होत्या. सून शेतात जाताना डोरले काढून कपाटातील डबीत ठेवत असे. नात्यातील लग्नाला निघण्यासाठी डबी उघडली, तर ती रिकामी.

"साहेब, घरात तीन माणसं. मी घेतलं नाही, पोरानं घेतलं नाही. मंग उरलं कोण?"

"सून काय म्हणते?"

"ते काय म्हणन? रडून राहिली. माहेरी भावानं मोटरसायकल घेतली, थे कुठून घेतली, इचारा."

विचारपूस केली. भावाची मोटरसायकल हप्त्यांवर घेतलेली निघाली, कागद चोख होते. पण तोपर्यंत सासूबाईंनी हातपंपावर, भरल्या गर्दीत, सुनेला 'चोट्टी' म्हटले होते आणि सून एक पिशवी घेऊन तिगावला निघून गेली होती. तिगावला तिचा जबाब घेतला तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "झडती घ्या माही, पण हातपंपावर घ्या, सगळ्यांइच्या समोर." तीस वर्षांच्या आतली बाई. झडती मागणारा चोर मी तरी पाहिला नाही.

खबर मिळाली ती पानठेल्यावरून. ठेलेवाल्याने चुना लावता लावता हळूच सांगितले, "साहेब, त्या घरी गुप्तधन काढून राहिले वाटते. मागच्या गोठ्यातून तांबडा धूर निघते. बकऱ्याबी तिकडून जात नाही."

आमच्या भागात गुप्तधनाचे नाव निघाले की ठाण्याने कान टवकारावेत, कारण त्यापाठोपाठ लिंबू, मांत्रिक आणि नको ते प्रकार येतात. आम्ही भर दुपारी पंचांसह गोठ्यावर छापा टाकला. लिंबू नव्हते, खड्डा नव्हता. ढीग होता तो जुन्या संगणकांच्या हिरव्या पाट्यांचा. खोबऱ्याच्या किसासारखे बारीक पिवळे दाते एका परातीत वेगळे काढलेले होते. कोपऱ्यात लोणच्याची काचेची बरणी होती आणि तिच्यात पिवळेधमक पाणी. नाकात झोंबणारा असा वास, की पंचांपैकी एकाने बाहेरूनच सही करू का म्हणून विचारले.

सासूबाईंचा मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, तेथेच सापडला. बोरगावच्या एका कारखान्यात तो कामाला होता. बोटे हळद लागल्यासारखी पिवळी, आणि खोकला थांबत नव्हता.

"हे काय आहे?"

"कॉम्प्युटरात सोनं असते साहेब. हे दाते पाहा, ह्याच्यावर सोन्याचा मुलामा हाय. तेजाबात, मंजे अ‍ॅसिडात टाकून काढून राहिलो. मोबाइलवर पाहून शिकलो."

आमचे हवालदार गंभीर प्रसंगीही गप्प बसत नसत. "मंग आमच्या ठाण्यातला कॉम्प्युटर रोज कायले मरते बे, सोन्याचा हाय तं?"

मुलगाही हसला. संगणकाविषयी विचारले की तो भरभरून बोलत असे. कोणत्या जुन्या संगणकात जास्त सोने, कोणत्यात कमी, भंगारवाला कोणते फुकट देतो, सगळे सांगितले. डोरल्याविषयी विचारले की मात्र पाणी मागत असे. चौकशीत माणसाचे तोंड पाहू नये, नजर पाहावी, असे मी नवीन शिपायांना नेहमी सांगत असे. हवालदाराने बरणी उचलून बाजूला ठेवली, तशी त्याची नजर बरणीबरोबर गेली. परत आणली, तशी परत आली. सोन्याच्या पिवळ्या दात्यांच्या परातीकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

मी आवाज न चढवता हवालदारांना म्हणालो, "हे पाणी आरोग्यास घातक आहे. बांधावर नेऊन ओतून टाका."

हवालदार दोन पावले गेले असतील.

"साहेब, फेकू नका! त्यात डोरलं हाय!"

आम्ही सर्वांनी बरणीत पाहिले. आत काहीही नव्हते. तळाला काच दिसत होती.

तो भिंतीला टेकून खाली बसला. "दही लावताना विरजण लागते ना साहेब, तसं मले वाटलं. सोन्याले सोनं ओढते म्हणतात. पाण्यात डोरलं सोडलं तं सगळं सोनं त्याले येऊन चिपकन. पण थे डोरलंच बारीक होत गेलं, अन् पाहता पाहता गायब झालं."

"आणि तुझ्या बायकोवर आळ आला तेव्हा?"

"वाटलं, पहिले परत काढतो, मंग सांगतो. काढताच येईना."

मी नोकरीत चोर, दरोडेखोर पाहिले. डोळ्यांसमोर असलेले सोने कोणाला दिसू नये, असा मुद्देमाल मात्र पहिल्यांदा पाहिला. आमच्या ठाणेदार साहेबांनी पांढुर्ण्याच्या शिक्षकांना बोलावणे धाडले. त्यांनी हातमोजे घालून, मोकळ्या अंगणात, पंचांसमक्ष बरणीत काहीतरी मिसळले. काय मिसळले ते मी येथे लिहीत नाही; एका घराचे झाले तेवढे पुरे. पिवळे पाणी गढूळ झाले, मग हळूहळू निवळले, आणि तळाशी तपकिरी गाळ बसला.

सासूबाई वाकून पाहत होत्या. "हा तं चहाचा चोथा हाय! हेच पाहाले बोलावलं काय मले?"

सराफांनी तो गाळ धुऊन, वाळवून मुशीत घातला आणि फुंकणीची आच दिली. चोथा लाल झाला, वितळला, गोळा झाला आणि एकाएकी चमकला. सराफांनी काट्यात घालून सांगितले, "डोरल्यापेक्षा किंचित जास्तच भरते जी. तेवढंच कॉम्प्युटरचं." एवढा धूर, एवढा खोकला आणि एक मोडलेला संसार, यांच्या बदल्यात मिळालेले ते 'किंचित' मी भिंग मागून पाहिले.

माल ताब्यात देण्याच्या सुपुर्दनाम्यासाठी सुनेला ठाण्यात बोलावले. सोन्याचा मणी मी तिच्यासमोर कागदावर ठेवला. तिने हात लावला नाही. नवरा खाली मान घालून उभा होता.

सासूबाई म्हणाल्या, "घे ना व. सापडलं ना आता."

सून माझ्याकडे पाहून बोलली, "सोनं तं बरणीतून निघालं साहेब. मले चोट्टी म्हटलं, थे कोणत्या बरणीतून काढसान जी?"

"इथं म्हणून राहिली ना मी, चुकलं माय," सासूबाई म्हणाल्या. "आता काय हातपंपावर जाऊन बोंबलू?"

"हो. तिथंच."

सुपुर्दनामा सहीविना राहिला. मणी न्यायालयाच्या आदेशाने पुढे घरी गेला, डोरले पुन्हा घडवले गेले, प्रकरणाचा खात्मा अहवाल, म्हणजे तपास बंद केल्याचा कागद, मंजूर झाला. ठाण्याच्या दृष्टीने माल सापडला, काम संपले. मला मात्र या प्रकरणाने एक गोष्ट शिकवली. वस्तू हरवल्याची नोंद आमच्याकडे होते, सापडल्याची होते. परंतु आळ खोटा ठरल्याची नोंद गावात कोठे करावी, यासाठी एकही रकाना नाही. मुलगा आजही दर बाजाराच्या दिवशी ते डोरले खिशात घेऊन तिगावला जातो. सून त्याला चहा देते, खोकला कसा आहे म्हणून विचारते, डोरले घेत नाही. मागच्या महिन्यात ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली. "अर्ज लिहून द्या," म्हणाली. कोणत्या कार्यालयाच्या नावे लिहावा, हे मला सुचले नाही. नोकरीत आणि या धंद्यात मिळून असे पहिल्यांदाच घडले. म्हणून तिचा अर्ज येथे लिहीत आहे.

प्रति, हातपंपावर त्या सकाळी उपस्थित असलेल्या सर्व साक्षीदार बाया, आणि फिर्यादी सासूबाई यांस.

सविनय निवेदन की, अर्जदार सून निर्दोष असल्याचे पोलीस तपासात सिद्ध झालेले आहे. तरी जो शब्द ज्या जागी, ज्या आवाजात उच्चारला गेला, तो त्याच जागी, त्याच आवाजात, पाण्याच्या वेळेला परत घेण्यात यावा. अर्जदाराची अन्य कोणतीही मागणी नाही. त्या दिवशी ती आपली घागर घेऊन रांगेत उभी राहील, असे तिने मला सांगितले आहे.

दिवस कोणता, ते कळवावे. उत्तराच्या प्रतीक्षेत.