कार्ड संपलं, अंतर्गळ राहिला

"खोका," डॉक्टर म्हणाले. मी खोकलो. "अजून जोरात." मी असा खोकलो की बाहेर बाकावर बसलेली बायको दार ढकलून आत आली. डॉक्टरांनी माझ्या जांघेतल्या फुगवट्यावर बोट दाबून धरलं होतं. "इंग्वायनल हर्निया," ते म्हणाले. "म्हणजे अंतर्गळ. पोटाच्या भिंतीला भोक पडलंय आणि आतडं त्यातून डोकावतंय. किती वर्षं झाली?"

"चार," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं. तिला मी दोनच सांगितली होती.

मग मी खिशातून मेणकापडात गुंडाळलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते उलटंपालटं केलं आणि हसले. "या कार्डाचा जीव कधीच गेलाय. तुमचा तेवढा राहू द्या."

या कार्डाची हकिकत सांगायला हवी, कारण माझ्यासारखे शहाणे अजून बरेच असतील. मी मुंबईत एका छापखान्यात सव्वीस वर्षं काढली. शिशाचे खिळे जुळवून घट्ट आवळलेल्या लोखंडी चौकटी उचलायच्या आणि मशीनवर चढवायच्या, हे काम. शेवटच्या काही वर्षांत आम्हाला सरकारी विम्याचं कार्ड मिळालं. पगारातून थोडी कपात होई आणि त्या बदल्यात डॉक्टर, औषध, ऑपरेशन सगळं फुकट. जांघेत सुपारीएवढी गाठ आली तेव्हा हे कार्ड चांगलं जिवंत होतं आणि कार्डाचा डॉक्टर आमच्या चाळीसमोरच बसायचा.

पण मी गेलो नाही. समोरच्या दवाखान्यात जाऊन धोतर सोडायचं आणि संध्याकाळी त्याच डॉक्टरला नळावर नमस्कार करायचा, हे मला जमेना. आधी म्हटलं गणपतीनंतर बघू. मग म्हटलं शिमग्यानंतर बघू. बघता बघता छापखानाच बंद पडला.

पंचावन्नाव्या वर्षी मला कोण घेणार? एका बोळातल्या छापखान्याने घेतलं. तिथे मालक धरून आम्ही सात जण. इतक्या थोड्या माणसांच्या जागेला तो विमा लागू नव्हता. म्हणजे अंगात जोर होता तेव्हा कार्ड होतं, आणि जोर संपून गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा कार्ड नव्हतं. वर्षभराने मालक गोड आवाजात म्हणाला, "आता गावी आराम करा." मी ट्रंक बांधली. कार्ड मात्र जपून आणलं. सरकारचा शिक्का आहे, कधीतरी चालेल, असं वाटायचं.

गावी आराम कसला! आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावर, आणि तिथे रापण. होडीतून समुद्रात मोठं जाळं टाकायचं आणि त्याच्या दोन दोऱ्या चाळीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायच्या. दोरीला ज्याचा हात, त्याला मासळीचा वाटा. आमच्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, दाजी माझा लहानपणचा सोबती. त्याने मला दोरीला लावलं आणि आमची चूल त्या वाट्यावर चालू लागली.

म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "दोरी कधी ओढता येईल?"

"तीन महिने नाही. विहिरीची कळशीसुद्धा नाही."

"मग पुढच्या हंगामानंतर बघू."

डॉक्टर गंभीर झाले. "हे एक दिवस स्ट्रँग्युलेट होईल. म्हणजे आतडं भोकात अडकेल, त्याचं रक्त बंद होईल. मग काही तासांत माणूस जातो. तुम्ही होडीने खाडी ओलांडेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल."

मी काही बोलण्याआधी बायकोने तारीख ठरवून टाकली.

दवाखाना धर्मादाय होता, म्हणून आमची सोय झाली. पाठीच्या कण्यात सुई दिली. तिला स्पायनल म्हणतात, म्हणजे कमरेखालचं सगळं मेल्यासारखं होतं पण आपण जागे असतो. मी जागा होतो आणि डॉक्टर कापता कापता विचारत होते, यंदा बांगडा कसा आहे. मीही सविस्तर सांगितलं. भिण्यासारखं काही नाही, हे मी खात्रीने लिहितो. दुसऱ्या दिवशी खोकला आला, तेव्हा मात्र आजी-पणजी एकदम आठवल्या.

दहाव्या दिवशी टाके काढून घरी आलो आणि खरा आजार सुरू झाला. तो होता पडून राहण्याचा. रोज सकाळी बायको डाली घेऊन बाहेर जाई आणि मासळी घेऊन येई. कधी बांगडे, कधी तारले. कुठून आणलेस म्हटलं की म्हणे, "बाजारातून." मी तिच्या हातांकडे बघायचो. बांगड्या जागेवर होत्या. मग गळ्याकडे बघायचो. मंगळसूत्र जागेवर होतं. घास घशाखाली उतरेना. आपल्यापायी ही कोणाच्या दारात उभी राहते कोण जाणे, असं वाटून मला भरून यायचं.

दीड महिना झाला आणि मी एका सकाळी ती विहिरीवर असताना निसटलो. ओढायचं नाही, नुसता हात लावायचा, असा माझा बेत. हात लागला की वाटा आपला. मी दोरीच्या शेपटाशी, सगळ्यांच्या मागे, दोन बोटं टेकवून चालू लागलो.

दाजीने पाहिलंच. रेतीतून धावत आला आणि माझी बोटं एकेक करून दोरीवरून सोडवली. "येडो झालस काय रे बाबल्या? टाके तुटले तर?"

"वाटो नको माका?" मी म्हणालो.

"तुझो वाटो रोज घराक जाता. तो काय मांजराचो वाटलो तुका?"

जाळं वर आलं. मासळीचे ढीग पडले. होडीचा, जाळ्याचा, देवाचा, माणसांचे. अगदी कडेला एक ढीग, त्यावर पांढरा शिंपला ठेवलेला. "ह्यो आजाऱ्याचो," दाजी म्हणाला. "जो पडलो, त्याचो. तुझ्या बापाशीक थंडीताप इललो तेव्हा तुमी काय खाल्लास रे?"

मी चौदाव्या वर्षी मुंबईला गेलेला माणूस. रापणीचा हा कायदा मला ठाऊकच नव्हता, आणि त्याच कायद्यावर मी वाढलो होतो. मी तिथे रेतीत बसून लहान मुलासारखा रडलो. तेवढ्यात बायको डाली घेऊन आली आणि मला बघून थबकली.

"माका सांगूक काय झालला?" मी विचारलं.

"तुमका सांगून उपेग काय? ताट सारून बसतलास." आणि तिने शिंपला उचलून ढीग डालीत भरला.

रापणीने काही ऑपरेशन केलं नसतं, हे मला कळतं. म्हणून ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी ते जिवंत असेपर्यंत लाज सोडून डॉक्टरकडे जावं. कार्डाला शिमगा कळत नाही.

मी आता पुन्हा दोरीला असतो. गेल्या महिन्यात ओढता ओढता दाजी जांघ धरून खाली बसला. सहा वर्षं गाठ लपवली होती लबाडाने. मीच त्याला होडीत घालून त्याच डॉक्टरांकडे नेलं. मला खोलीबाहेर ऐकू येत होतं. "खोका. अजून जोरात."

दाजी उठेपर्यंत वाटे मी घालतो. कडेचा ढीग आधी, चांगले बांगडे निवडून, वर शिंपला. आणि तो मी स्वतः दाजीच्या घरी नेऊन देतो, म्हणजे त्याला घास उतरेल.