दोन शहरांचे नियम आणि काकूंच्या दोन खोल्या

होमस्टे चालवणारे आम्ही तिघं रविवारी चहाला जमतो, तेव्हा पाहुण्यांबद्दल कोणी बोलत नाही. पाहुणे बिचारे येतात, जंगल बघतात, जेवतात, जातात. किस्से पुरवतात ती ऑफिसं! एक सांगून होत नाही, तोवर दुसरा तयार.

तिघं म्हणजे मी, आमच्याच गल्लीतल्या सुशीलाकाकू आणि शेजारच्या शहरातले मनोहरभाऊ. दोन्ही शहरं भंडारा जिल्ह्यातली, मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता. नावं घेत नाही, आमचे अर्ज अजून तिथं पडून आहेत. लोक घरातल्या खोल्या पर्यटकांना देतात, हे दोन्ही नगरपरिषदांना एकाच सुमारास कळलं. दोघींनी नियम केले. एकमेकींना न विचारता!

*

आमच्याकडचा पहिला नियम: मालकाने त्याच घरात राहिलं पाहिजे. तपासणीचा माणूस आला तो ऐन रोवण्याच्या दिवसांत, दुपारी बाराला. काकू शेतात धान लावत होत्या. दाराला कुलूप. शेरा पडला, 'मालक घरात राहत नाही. नामंजूर.'

तीस वर्षं त्या घरात राहिलेली बाई! चिखलाच्या पायांनीच ती परवाना विभागाच्या साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, दुपारी बाराले तुमी कुठं रायता?"

"इथं. ऑफिसात."

"मंग तुमचंबी घर नाई म्हनाचं!"

साहेबांनी मान डोलावली आणि नवा अर्ज भरायला दिला.

*

भाऊंच्या शहरात वेगळंच. तिथं घरच्यांचा आणि पाहुण्यांचा दरवाजा वेगळा हवा. भाऊंनी मागची भिंत फोडून झकास दरवाजा काढला. पहिलंच कुटुंब नागपूरचं आलं. चार दिवस त्या दरवाज्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. सासू, सून, पोरं, सगळी वरात स्वयंपाकघरातून. "वहिनी, आज काय शिजून राहिलं?"

नेमका तेव्हाच तपासणीवाला आला. "मागचा दरवाजा कोन वापरते मंग?"

भाऊ म्हणाले, "तुमचा नियम वापरते, साहेब!"

*

आमच्याकडे घराबाहेर पाटी सक्तीची. भाऊंकडे वस्तीत पाटी लावायलाच बंदी. एकदा त्यांचे पाहुणे घर शोधत तीन चकरा मारून शेवटी थेट नगरपरिषदेत शिरले. तिथल्या शिपायाने रजिस्टर उघडून बोट फिरवलं.

"असा होमस्टे आमच्या रेकॉर्डले नाई," तो म्हणाला आणि चप्पल घालून उठला. "पन चला, दाखवतो. माहा साळा मागच्या महिन्यात तिथंच उतरला होता."

*

माझ्या अर्जात एक रकाना होता, 'जवळचे प्रेक्षणीय स्थळ'. मी लिहिलं, तलाव.

"तलावात पाहण्यासारखं काय?" साहेबांनी विचारलं.

"पाणी, साहेब."

"पुरावा जोडा."

मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून फोटो काढला, छापून नेला. साहेबांनी चष्मा वर करून पाहिला. "पाण्याचं ठीक आहे. पण यात पक्षी दिसून राहिले. त्याला वनविभागाचं पत्र लागेल!"

*

काकूंचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्या कुटुंबाला त्यांनी फोन करून नाही म्हटलं. मग धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला बसल्या. "पोरगी सासरी गेली. घरात कोनी आलं का बरं वाटते मले," एवढंच म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात दोन्ही शहरांनी एकच नियमावली करायचं ठरवलं. तिकडचे तीन अधिकारी दोन दिवसांच्या बैठकीला आले. विश्रामगृहात रंगकाम चाललेलं. आमचे साहेब त्यांना घेऊन थेट काकूंच्या दारात!

"काकू, पाहुण्यांची सोय होईल?"

"परवाना नाई, साहेब."

"ते मी पाहतो."

दोन दिवस चौघांनी वांग्याची भाजी आणि तलावातले झिंगे ओरपले. जाताना साहेबांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, 'आदर्श होमस्टे. सर्व नियमांचे काटेकोर पालन.' खाली सही, त्याखाली शिक्का!

सोमवारी काकूंनी त्या पानाची झेरॉक्स अर्जाला जोडली. सोबत मीही गेले. साहेबांनी दोनदा वाचलं.

"सही कोणाची?"

"तुमची."

"हो, माझीच दिसते. पण झेरॉक्स चालत नाही. साक्षांकित करून आणा."

"ते कोन करते?"

"मीच करतो. पण त्याआधी, ज्यांची सही आहे त्यांचं एक पत्र आणा!"