काळ्या पिशवीतली मिसळ

बाबा गेल्यावर तेरा दिवस आमच्या घरात फोडणी पडली नाही. शेजारून डबे येत होते, पिठलं, भात, बिनफोडणीची डाळ. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. चांदवडची आत्या निघताना आईला म्हणाली, "खात-पीत जा गं, वहिनी." मग घरात आई आणि मी दोघीच उरलो.

आई-बाबांचा एक नेम होता. दर रविवारी सकाळी स्कूटरवरून गंगापूरच्या बाजूला एका मळ्यात मिसळ खायला जायचं. नाशिक रोडहून तिथं पोचेपर्यंत वाटेत ढीगभर मिसळवाले लागतात, पण बाबांना तिथलाच काळा रस्सा हवा असायचा. आईला तिखट सोसायचं नाही. ती पदरानं डोळे पुसत खायची आणि वर आणखी रस्सा मागायची.

तिसऱ्या रविवारी आई आंघोळ करून, वेणी घालून, पर्स घेऊन हॉलमध्ये येऊन बसली.

"मिसळ खायला जायचं का गं?"

आता मी कोण, तर ऑफिसात बायकांच्या हक्कांसाठी तावातावानं भांडणारी. हळदीकुंकवाला विधवांना बोलवत नाहीत म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर मी हातभर लांब मेसेज टाकला होता. चौदा जणांनी अंगठे दिले होते. ती मी आईला म्हणाले, "वेड लागलंय का तुला? तीन आठवडे होतायत जेमतेम. लोक काय म्हणतील?"

आईनं पर्स बाजूला ठेवली. तिचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, म्हणून मी तोडगा काढला. पार्सल.

जवळचं दुकान सोडून पार देवळाली कॅम्पला गेले. तोंडाला स्कार्फ होताच. मिसळ काळ्या पिशवीत घातली, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. घरी आल्यावर खिडक्या लावल्या, वास दबावा म्हणून उदबत्ती पेटवली. आई हे सगळं बघत होती. तिनं पाव मोडला आणि बेल वाजली.

समोरच्या काकू त्यांचा डबा न्यायला आल्या होत्या. आत येताच त्यांनी नाक वर केलं. "मिसळ का?"

"माझ्यासाठी आणलीय," मी घाईघाईनं म्हणाले. "आई कुठली खातेय! तिला तर घास उतरत नाही घशाखाली."

आईच्या पुढ्यात ताटली, हातात पाव. तिनं तो पाव हळूच खाली ठेवला. काकू म्हणाल्या, "अहो ताई, खा की. माझी चतुर्थी आहे, नाहीतर मीच बसले असते." पण आता आई कशी खाणार? लेकीला खोटं पाडायची तिला सवय नाही. काकू अर्धा तास बसल्या, पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्या, आणि आई मान डोलवत राहिली. त्या गेल्या तोवर फरसाणाचा लगदा झाला होता. आईनं तो ओल्या कचऱ्यात टाकला आणि ताटली घासून ठेवली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच ओरडले, "मग खायचं ना सरळ!"

पुढच्या रविवारी आई पुन्हा पर्स घेऊन तयार. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "लोकांनी अजून काहीच म्हटलेलं नाही गं. जे काय म्हटलंस ते तूच."

"मग जा एकटी," मी फणकाऱ्यानं म्हणाले. वाटलं, बसेल खाली. ती गेली की चपला घालून!

मी गॅलरीत धावले. आईकडे नाही, समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांकडे बघत होते. एकीकडे कुणी चादर वाळत घालत होतं, एकीकडे कुणी दात घासत होतं. गेटपाशी रिक्षात बसणाऱ्या आईकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तरी मी सगळ्या खिडक्या दोनदा तपासल्या.

साडेदहाला ती परत आली. ती चपला काढेपर्यंतही मला धीर निघेना.

"ओळखीचं कुणी होतं का तिथं?"

"नव्हतं ना," आई म्हणाली. "म्हणून तर अर्धी टाकून आले."