रंगीत रोल आणि पांढरं वर्धा

फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र स्टुडिओतच पडून राहतात. वर्ध्याच्या आमच्या देवरावभाऊंच्या स्टुडिओत तर इतके साचले होते की बसायला जागा उरली नव्हती! मी तिथं फोटोंचं टचिंग करायचो.

पंचावन्न-छप्पनची गोष्ट. कापसाच्या एका शेठजींना कॅलेंडरसाठी बाजाराचा रंगीत फोटो हवा होता. मुंबईहून एकच रंगीत रोल मिळाला. शेठजींनी बजावलं, "जमलं तं ठीक, नाई तं काम नागपूरले देतो." भाऊंची झोपच उडाली. नागपूरवाल्यानं येऊन वर्धा टिपायचं म्हणजे नाकच कापलं जाणार!

*

भर दुपारी आम्ही बाजारातल्या धर्मशाळेच्या गच्चीवर चढलो. खाली कापूस पांढरा, बैल पांढरे, खादी पांढरी, टोप्या पांढऱ्या. भाऊंनी कपाळावर हात मारला. "याले रंगीत रोल कायले पाहिजे होता?"

*

रंगीत फोटोची बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच एक गाडीवाला बैलांची शिंगं लाल-हिरवी रंगवून हजर!

"काऊन गा, पोळा हाय का आज?"

"फोटो रंगीत हाय ना, भाऊ!"

*

मग ढगांनी घोळ घातला. भाऊ गच्चीवर मान वर करून उभे. त्यांना पाहून हवालदार वर पाहू लागला. मग पानवाला, मग अख्खा बाजार! तेवढ्यात ऊन पडलं आणि भाऊंनी घाईत बटण दाबलं. पुढं तो फोटो आला, त्यात सगळं गाव आभाळाकडं तोंड करून उभं होतं.

*

एका संध्याकाळी मात्र तिरपं ऊन आलं. लुगडी, फेटे, संत्र्यांचे ढीग, शेठजींच्या कापसाच्या गाड्या, सगळं असं उजळलं की मला भरूनच आलं. भाऊंनी फोटो घेतला आणि म्हणाले, "आता येऊ दे नागपूरवाल्याले!"

*

रोल मुंबईहून धुऊन आला, तसा तोच फोटो घेऊन आम्ही शेठजींच्या पेढीवर गेलो. तिथं तळेगावचा एक शेतकरी हुज्जत घालत होता. शेठजी त्याला म्हणत होते, "कापूस पिवळा हाय तुहा. भाव कमीच भेटन."

मग त्यांनी फोटो पाहिला आणि ओरडले, "अरे, माहा कापूस पिवळा दिसून राह्यला! नाई चालत!"

भाऊंचा चेहरा पडला. "शेठजी, कापूस पांढराच हाय. संध्याकाळचं ऊन पडलं त्याच्यावर."

शेठजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हो गा, बराबर. ऊनच हाय."

शेतकरी ताडकन उठला. "मंग शेठजी, माह्या गाडीवरबी ऊनच पडलं हाय!"

पेढीवरचे सगळे खो-खो हसले. शेठजींनी फोटो भाऊंच्या हातात परत दिला.

"कॅलेंडर छापा. पण इथं पेढीवर लावू नोका!"